म्हाताऱ्यांना मागावं लागू नये : बेळगावच्या गल्लीगल्लीतल्या मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व कार्यकर्ते,
सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे, युवक मंडळे, महिला मंडळे आणि पंच मंडळी,
बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ आणि तालुक्यातील सर्व गावे.

सप्रेम नमस्कार.

गल्लीत कोणी गेलं की तासाभरात तुमची पोरं दारात हजर असतात. एक सामान आणायला धावतो, दुसरा पै-पाहुण्यांना फोन लावत बसतो, तिसरा स्मशानातली व्यवस्था बघायला जातो. मध्यरात्री कोणाच्या छातीत दुखलं तर गाडी काढणारेही तुम्हीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पावसानं जिल्हाभर घरं पडत होती तेव्हा आणि कोरोनाच्या काळात गल्लीगल्लीतली पोरं कशी राबली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून बेळगावात माणुसकी उरली नाही असं कोणी म्हणालं तर मी ते ऐकून घेत नाही. तुमच्याबद्दल माझी तक्रार काहीच नाही. मला तुमच्यावर आणखी एक काम टाकायचं आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला जमेल असं मला वाटत नाही.

संकटाच्या दिवशी गल्ली येते. अडचण आहे ती साध्या मंगळवारची.

पंचाहत्तरीतली बाई घरात एकटी आहे. माजघरातला बल्ब गेलाय. काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी पहाटे येऊन गेलं, पण घागर उचलवत नाही म्हणून बॅरल अर्धाच भरला. रक्तदाबाच्या गोळ्या परवा संपल्या. टपालानं एक कागद आलाय, तो कन्नडमध्ये आहे, कशाचा आहे ते कळत नाही. यातलं एकही काम कोणाला हाक मारून बोलावण्याइतकं मोठं नाही, असं तिला वाटतं. शेजारची सून कामाला जाते, तिला किती वेळा सांगायचं? समोरचा पोरगा परवाच गॅस लावून गेला, आज परत कसं बोलवायचं? म्हणून ती कोणालाच बोलावत नाही. आणि मग एक दिवस ती स्वतःच स्टुलावर चढते.

पुढचं तुम्ही पाहिलेलं आहे. खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं, मुलगा पुण्याहून धावत येतो, आईला घेऊन जातो आणि घराला कुलूप लागतं. मुलगा वाईट नसतो. तो नोकरी सोडून इथं येऊन राहू शकत नाही एवढंच. आई मग कुठल्याशा चौथ्या मजल्यावर, जिथं खाली उतरलं तरी ओळखीचं कोणी भेटत नाही, खिडकीत बसून राहते. तिनं घर सोडायचं कारण शोधत मागं मागं गेलं तर एक बल्ब सापडतो.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. शहापुरात एकटी राहते. तुमच्यापैकी काहींना पाढे मीच शिकवलेत, त्यामुळं थोडं हक्कानं लिहिते. मला माझ्या घरातच म्हातारं व्हायचंय. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना तेच हवंय. वृद्धाश्रम चांगले असतात, लागतातही. पण जो माणूस स्वतः चहा करून पिऊ शकतो, देवपूजा करू शकतो, पेपर वाचू शकतो, त्याला आठवड्याला दोन-तीन तासांची मदत मिळत नाही म्हणून घर सोडावं लागावं, हे मला पटत नाही.

ही अडचण फक्त माझ्या गल्लीची नाही. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात शंभरातले साडेनऊ लोक साठीच्या पुढचे होते. आज तो आकडा नक्कीच वाढलेला आहे. २०१७-१८ मध्ये देशभर ज्येष्ठांची जी मोठी पाहणी झाली तिच्यात साठीपुढचे सुमारे ६ टक्के लोक एकटे आणि सुमारे २० टक्के फक्त नवरा-बायको असे राहत असल्याचं आढळलं. आपल्याकडं पोरं पुण्याला, बंगळूरला, गोव्याला, आखातात. सैन्यात गेलेले तर गावोगाव. घरं मागं राहिली आणि घरांत आम्ही.

आणि जिथं मुलगा-सून घरात आहेत तिथं सगळं आलबेल आहे असंही समजू नका. मुलगा उद्यमबागेत शिफ्टला, सून दुकानात किंवा मागावर, नातवंडं शाळा आणि ट्यूशनला. सकाळी नऊ ते रात्री आठ म्हातारा माणूस एकटाच असतो. सुनेला नावं ठेवणं सोपं आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं सगळं करून कामावर जाणाऱ्या बायका मी बघते, आणि त्यांना आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून कोणी दोन तास त्या घरी बसलं तर तेही म्हाताऱ्यांच्याच मदतीचं काम आहे असं मी मानते.

तुम्ही म्हणाल, यासाठी सरकार आहे. आहे, आणि त्याच्याकडून घेण्यासारखं बरंच आहे. संध्या सुरक्षेचं पेन्शन आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. सत्तरीच्या पुढच्या खातेदारांना मूलभूत बँक सेवा घरपोच द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ सालीच बँकांना सांगितलंय. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. त्याच्यासाठी केंद्रानं राज्यांना जे नमुना नियम दिले त्यांतली एक गोष्ट तुम्ही मुद्दाम वाचावी अशी आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यानं आपल्या हद्दीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची, महिन्यातून एकदा तरी पोलिसानं एखाद्या सामाजिक कार्यकर्त्याला किंवा स्वयंसेवकाला सोबत घेऊन त्यांच्या घरी जायचं, आणि ठाण्यागणिक स्वयंसेवकांची समिती करायची. म्हणजे स्वयंसेवकाची जागा नियमानंच रिकामी ठेवली आहे. शहापूर, टिळकवाडी, खडेबाजार, मार्केट, कॅम्प, ज्या ठाण्याच्या हद्दीत तुमचं मंडळ येतं तिथं मिरवणुकीच्या परवान्यासाठी तुम्ही दरवर्षी जाताच. पुढच्या वेळी ही यादी आणि ही समिती यांचीही चौकशी करा.

पण बल्ब लावायला सरकार येणार नाही, यावं अशी अपेक्षाही नाही. ते काम हाकेच्या अंतरावरच्या माणसाचं आहे.

इतर ठिकाणी लोकांनी हे करून दाखवलंय. अमेरिकेत बोस्टन शहराच्या बीकन हिल भागातले म्हातारे लोक एकत्र आले आणि २००२ साली त्यांनी आपली संस्था सुरू केली. वर्गणी त्यांची, कारभारही त्यांचाच. सभासदानं एका नंबरवर फोन करायचा, तिथून स्वयंसेवक किंवा खात्रीचा सुतार, प्लंबर येतो. पुढं तिथं दोनशेहून जास्त ठिकाणी असे गट निघाले. सगळ्यात जास्त मागणी कशाला असते, तर दवाखान्यात किंवा बाजारात नेऊन परत घरी आणून सोडायला. हे वाचलं तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

मला जास्त जवळचं वाटतं ते केरळचं काम. कोळिकोडला १९९३ साली डॉ. सुरेश कुमार, डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाध्य दुखण्यांनी तळमळणाऱ्या रुग्णांसाठी संस्था काढली. दवाखान्यात बसून हे निभणार नाही, रुग्ण घरी आहे तर काळजीही त्याच्या शेजारपाजारातूनच उभी राहिली पाहिजे, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. मग मलप्पुरम आणि आजूबाजूच्या भागांत शेजाऱ्यांचेच गट तयार झाले. दहा-पंधरा जणांचा एक गट. येणाऱ्याला अट एकच, आठवड्याला निदान दोन तास देता आले पाहिजेत. त्याला १६ तासांचं शिक्षण आणि शिवाय चार दिवस प्रत्यक्ष रुग्णांसोबत. पैसा मुख्यतः लोकांच्या लहान लहान देणग्यांतून. २००८ साली केरळ सरकारनं यासाठी धोरण केलं आणि पंचायती त्यात उतरल्या. सुरुवात मात्र रिक्षावाले, दुकानदार, कॉलेजची पोरं, घरातल्या बायका अशा माणसांनीच सांभाळली.

आता तुमच्याकडं काय आहे ते बघा. गल्लीतलं प्रत्येक घर तुम्हाला माहीत आहे, कारण वर्गणीला तुम्ही प्रत्येक दारात जाता. पावती पुस्तक आहे, हिशेब ठेवणारा खजिनदार आहे, गोडाऊनची किल्ली आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. देखावा उभा करायला रात्र रात्र जागणारी पोरं आहेत. शिवजयंतीच्या चित्ररथासाठी महिना महिना तालीम घेणारी हीच पोरं. गावात असाल तर कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी इथं मराठी साहित्य संमेलनं भरवून हजारोंना जेवू घालणारी माणसं आहेत. केरळला जी माणसं आधी शोधावी लागली ती तुमच्या मंडळाच्या पायरीवर संध्याकाळी बसलेली असतात.

आमच्या गल्लीत आम्ही चार बायकांनी मिळून हे थोडंफार केलंय. भाजी आणून देणं, दवाखान्यात सोबत जाणं, दुपारी जाऊन बसणं. त्यातून जे कळलं ते सांगते, कारण त्याच्यावरच माझी सगळी मागणी उभी आहे.

पहिलं हे कळलं की “काही लागलं तर सांगा वो आज्जी” या वाक्याचा उपयोग होत नाही. सांगणारा मनापासून सांगतो, ऐकणारी मनापासून “होय की रे बाळा” म्हणते, आणि कधीच सांगत नाही. आयुष्यभर दुसऱ्यासाठी राबलेल्या माणसाला मागायला जड जातं. आमच्यातली एकजण दर बुधवारी चार वाजता समोरच्या आजोबांकडं जाऊ लागली. पहिले काही बुधवार ते “काही नाही, सगळं ठीक आहे” एवढंच म्हणाले. पुढं बुधवारच्या आधीच कामं बाजूला काढून ठेवायला लागले. नळाचा वायसर, चष्म्याची दांडी, मोबाइलमध्ये रिचार्ज. वार ठरलेला असला की मागणं उरत नाही. मला तुमच्याकडून हवं आहे ते हेच, ठरलेला वार आणि ठरलेला माणूस. प्रत्येक म्हाताऱ्या घरामागं दोन कार्यकर्ते, म्हणजे एकाची परीक्षा असली, सुगी असली, लग्न असलं तरी दुसरा जाईल.

आमचं काम अडतं ते इथंच. आम्ही चौघी. एकीला नातू झाला, ती गोव्याला गेली. दुसरीचे गुडघे गेले. माणसांच्या चांगुलपणावर चाललेलं काम त्या माणसांबरोबर थांबतं. मंडळ थांबत नाही. अध्यक्ष बदलतात, पोरं मोठी होऊन जातात, नवीन येतात आणि चतुर्थीला मूर्ती बसतेच. म्हणून मी मंडळाकडं आले आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. हिच्यावर मला थोडं जास्त लिहायचंय. आमची पिढी मराठी शाळेत शिकली. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हा आमच्यातले कोणी पाळण्यात होते, कोणी बिगरीत. कचेरीची भाषा बदलली, आमच्या हाताची अक्षरं तीच राहिली. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचं व्हायचं ते तिथं होईल. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं पेन्शन का थांबलं हे त्याला आलेल्या कागदावर लिहिलेलं असतं आणि त्याला ते वाचता येत नाही, ही अडचण आजची आहे. आधार बँकेला जोडायचं राहिलं एवढंच कारण असतं. तो बिचारा नाडकचेरीत जातो, रांगेत उभा राहतो, खिडकीवरचा माणूस कन्नडमध्ये काहीतरी सांगतो, हा मान हलवून परत येतो. तुमच्या पोरांना शाळेत कन्नड होतं. त्यांनी तो कागद हातात घेऊन पाच मिनिटांत मराठीत सांगितला तर त्या माणसाचे तीन महिने वाचतात. प्रत्येक मंडळानं रविवारी सकाळी दोन तास देवळात किंवा मंडळाच्या खोलीत बसावं. ज्याला जो कागद आलाय तो त्यानं घेऊन यावं. ज्याला येता येत नाही त्याच्या घरी जावं. नोव्हेंबरात निवृत्त लोकांचे हयातीचे दाखले असतात. ते आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या करता येतात, आणि केंद्र सरकारचं पेन्शन असलेल्या ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतात. आमच्यातल्या कित्येकांना हे माहीतच नाही. एका पोराचा एक स्मार्टफोन पुरतो.

आणि यात भाषा बघू नका. वडगावात, शहापुरात आपल्या दाराला दार लावून कन्नड बोलणारी विणकर घरं आहेत, उर्दू बोलणारी आहेत. त्यांच्याकडंही म्हातारी माणसं एकटीच असतात. यादी गल्लीची करा.

आता काही अटी, आणि त्या मी मुद्दाम कडक लिहिते. अशी कामं बंद पडतात ती बहुतेक वेळा आळसानं नाही, संशयानं पडतात.

पैशाला हात लावताना दोघांनी जायचं. एटीएमचा पिन कोणी सांगायला लागलं तरी ऐकायचा नाही. बाजाराचे पैसे किती दिले, किती परत आले हे घरात ठेवलेल्या वहीत तिथंच लिहायचं. घराची किल्ली ठेवायची वेळ आली तर ती कोणाकडं आहे हे घरच्यांना आणि पंचांना माहीत पाहिजे. एकट्या बाईच्या घरी जाणाऱ्या दोघांत एक तरी बाई असावी, म्हणूनच हे पत्र महिला मंडळांनाही आहे. गोळ्या आणून द्यायच्या, पण कोणती घ्यायची आणि कोणती बंद करायची हे सांगायचं नाही. खिळलेल्या माणसाला उचलणं, कूस बदलणं हे शिकल्याशिवाय करायचं नाही. त्यात त्यालाही इजा होते आणि उचलणाऱ्याची पाठही जाते. आपल्या शहरात मेडिकल कॉलेजं आहेत, नर्सिंग कॉलेजं आहेत. मंडळानं विनंतीचं पत्र दिलं तर एखाद्या रविवारी शिकवायला कोणी ना कोणी येईल.

मुलांना आधी फोन करा. अध्यक्षांनी स्वतः करा. आम्ही एका घरी डबा द्यायला लागलो तेव्हा मुलाचा बंगळूरहून फोन आला, “आमची आई काय बेवारशी आहे काय?” त्याचा राग खरा होता. तो दर महिन्याला पैसे पाठवत होता, रोज फोन करत होता. त्याला वाटलं गल्ली त्याला नाकर्ता म्हणतेय. आधी त्यालाच विचारलं असतं तर तो आमच्यातलाच एक झाला असता. झालाही पुढं. आता औषधांचं तो बघतो, तिथूनच ऑर्डर करतो, आम्ही फक्त डबीत भरतो.

आणि फोटो काढू नका. डबा घेताना आज्जीचा फोटो ग्रुपवर टाकू नका, बॅनरवर तर नाहीच नाही. तुम्हाला कौतुक हवं असेल तर ते मिळायला पाहिजे, मी स्वतः व्यासपीठावर येऊन करेन. पण ज्या दिवशी फोटो लागेल त्या दिवसापासून ती दार उघडायची नाही.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आम्हाला फुकट नको. बोस्टनच्या लोकांनी वर्गणी दिली. जपानात ओसाकाला १९७३ साली तेरुको मिझुशिमा नावाच्या बाईंनी अशी रीत घातली की तुम्ही दुसऱ्यासाठी दिलेले तास जमा होतात आणि गरजेच्या वेळी तुम्हाला परत मिळतात. आमच्याकडंही देण्यासारखं आहे. ज्या आजोबांना जिना उतरता येत नाही ते फोनवरून गल्लीतल्या पाच घरी रोज सकाळी “उठलात का” विचारू शकतात. सकाळी नऊपर्यंत फोन उचलला नाही तर कार्यकर्त्याला कळवायचं, एवढं एक काम एका खुर्चीत बसून होतं आणि त्यानं जीव वाचू शकतो. कोणाला हिशेब येतो, तो तुमची जमाखर्चाची वही लिहील. मला मुलांचा अभ्यास घेता येतो. ज्याच्या आईला कोणी घरी नेऊन सोडलं त्याच्या पोराचं गणित मी बघेन. आमची नावं मंडळाच्या सभासदांच्या यादीत घाला, जमेल ती पावती फाडा. सभासद म्हणून आम्ही काम सांगू शकतो. उपकार म्हणून मिळालेल्या मदतीला आम्ही “नको नको” म्हणत राहणार.

हे सगळं एकदम होणार नाही, ते मला कळतं. ज्या मंडळात पोरं कमी आहेत त्यांनी पाच घरं घ्यावीत. पावसाळ्यात सुरू करावं, कारण इथल्या पावसात आम्ही आठ-आठ दिवस उंबऱ्याबाहेर पडत नाही. जुन्या कौलारू घरांत सगळ्यात आधी न्हाणीघर बघा. तिथं भिंतीला धरायला एक लोखंडी दांडा, खाली खरखरीत फरशी किंवा रबराची चटई, आणि रात्री उठून जायच्या वाटेवर एक छोटा दिवा. मंडपाला वेल्डिंग करणारा तुमचा माणूस हा दांडा तासाभरात बसवतो. देखाव्याच्या खर्चातली जरा रोषणाई कमी केलीत तर गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या न्हाणीघरात दांडे बसतील.

गणेशोत्सवाची पहिली बैठक लवकरच होईल. विषयपत्रिकेत वर्गणी, मूर्ती, मंडप यांच्याबरोबर हा विषय घाला. गल्लीत साठीपुढचे किती, त्यातले एकटे किती, कोण कोणाकडं कोणत्या वारी जाणार, एवढं त्या एका बैठकीत ठरू शकतं. फक्त बैठक माडीवरच्या खोलीत ठेवू नका. देवळाच्या सभामंडपात ठेवा, खुर्च्या मांडा आणि उजेड असताना घ्या, म्हणजे आम्हालाही येता येईल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
शहापूर, बेळगाव